चुंबकातली रेणुकाई

वामनरावांना समजावून सांगायची खोड होती. तंबाखूची असती तर बायकोनं केव्हाच सोडवली असती, पण या खोडीवर औषध नाही. जालन्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ते एमआरआयचं मशीन चालवत, आणि मशीनवर निजायला येणाऱ्या प्रत्येकाला ते मशीन समजावून सांगत. प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला. समोरचा कानानं ठार बहिरा असला तरी सुटका नव्हती.

"हे चुंबक आहे," ते सुरू करत. "मोठं चुंबक. बोगदा दिसतो म्हणून घाबरायचं नाही. यात करंट नाही, किरणं नाहीत, देव नाही, भूत नाही. लोखंड तेवढं ओढतं, माणसाला काही करत नाही."

लोकांना यातलं काही नको असतं हो. त्यांना दोनच गोष्टी विचारायच्या असतात, दुखतं का आणि किती वेळ लागतो. पण वामनरावांचं म्हणणं असं, की खरं कळलं की भीती पळते. वडील हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, तेव्हा हे म्हणणं घरातूनच आलेलं. रजनीबाई, म्हणजे त्यांची बायको, हात जोडून सांगायची, "रविवारी तरी ते चुंबक दवाखान्यात ठेवून येत जा." ते हसायचे आणि जेवता जेवता पुन्हा सुरू व्हायचे.

तर एका मंगळवारी पिंपळगाव रेणुकाईहून झुंबरबाई आली.

बाई साठीची. अंगानं काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि दोन्ही हात मांडीवर असे ठेवलेले, जसे कुणी तरी घटकाभर सांभाळायला दिलेत. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. आता भाकर थापणं सोडाच, चहाचा कप धरवत नव्हता. लुगड्याची गाठसुद्धा सुनेनं मारायची. संभाजीनगरहून येणारे मणक्याचे डॉक्टर म्हणाले होते, मानेत नस दाबली गेलीय. लवकर ऑपरेशन झालं तर हात परत येतील, नाहीतर हातामागून पाय जातील. पण कुठं आणि किती दाबलीय ते स्वच्छ दिसल्याशिवाय मी मानेला सुरी लावणार नाही. भूल देऊन फोटो काढावा तर बाईला दमा; भुलेची जोखीम ऑपरेशनपुरती एकदाच घ्यायची. तेव्हा जागेपणीच, मान तसूभर न हलवता, मशीनमध्ये पडून राहायचं होतं.

बाहेरच्या बाकड्यावर वामनराव नेहमीची चौकशी करायला बसले. पूर्वी कुठलं ऑपरेशन झालंय का, शरीरात कुठं प्लेट, स्क्रू, छर्रा वगैरे?

"तसलं काही न्हाई साहेब," झुंबरबाईचा मुलगा बद्रीनाथ म्हणाला. मग छाती पुढं काढून म्हणाला, "मायला देवी येती. रेणुकाई. मंगळवारी आन् शुक्रवारी."

वामनरावांनी चष्मा वर सरकवला. बद्रीनाथला तेवढं निमंत्रण पुरलं.

"गावात आमच्या मायच्या शब्दाभाईर कोन्ही न्हाई. म्हंजी मायच्या न्हाई, देवीच्या. बोअर कुठं घ्यावं, पोरगी कुठं द्यावी, समदं इचारून. मी म्हैस इकायला काढल्ती. देवी न्हाई म्हन्ली, दावं परत खुंट्याला बांधलं. हिला जालन्यात खोली करून लेकरं इथल्या शाळंत घालायची व्हती." त्यानं बायकोकडं, शीतलकडं हनुवटी केली. "देवी म्हन्ली, घरचा उंबरा सोडायचा न्हाई. मंग बिलकुल इषय बंद."

शीतल बाकड्याला टेकून उभी होती. सासूच्या बरोबरीनं बाकड्यावर बसायची तिची हिंमत नव्हती, आणि मंगळवारी तर नव्हतीच.

"आणि बाकीच्या वारी?" वामनरावांनी विचारलं.

उत्तर झुंबरबाईनंच दिलं, हसत हसत. "बाकीच्या वारी मला कोन इचारतंय साहेब! मह्या तोंडानं मीठ मागितलं तं कोन्ही आणून देत न्हाई. रेणुकाई मायनं मागितलं तं पोतं येतं." मग जरा थांबून म्हणाली, "आमचे कारभारी गेले तव्हा बाया कुंकू पुसाया आल्त्या. तव्हाच माय पहिल्या बारीनं आली मह्यात. म्हन्ली, हे महं झाड हाय, हात लावाल तं याद राखा. तव्हापून कोन्ही बोट लावलं न्हाई कपाळाला."

देवी जिच्या अंगात येते तिला त्यांच्याकडं झाड म्हणतात. वामनरावांना या झाडाविषयी बरंच सांगायचं होतं. मेंदू म्हणजे काय, मन म्हणजे काय, बाईमाणसाचं दुःख म्हणजे काय. पण रांगेत माणसं तिष्ठत होती, म्हणून त्यांनी फक्त खिसे रिकामे करायला सांगितले. बद्रीनाथनं किल्ल्या काढल्या, मोबाईल काढला, पट्टा सोडला, चुन्याची डबीसुद्धा काढून ठेवली. "लागलं तर आत बोलवीन," वामनराव म्हणाले. "लोखंडाचं आणखी काही?"

"काहीच न्हाई साहेब. बिलकुल मोकळा हाय."

आत सिस्टर अर्पितानं शीतलच्या मदतीनं बाईला टेबलावर निजवलं, कानांत बोळे घातले, डोक्यावरून मानेपर्यंत तो प्लॅस्टिकचा पिंजरा बसवला. भीती वाटली तर दाबायचा रबरी फुगा हातात दिला, तर तो बाईला दाबताच येईना. ज्या रोगासाठी आली त्यानंच फुगा बाद केला. "ओरडा मग," अर्पिता म्हणाली. वामनरावांनी आपलं चुंबक, करंट, किरणं, देव, भूत असं सगळं यथासांग सांगितलं.

"चुंबक तं चुंबक बाबा," पिंजऱ्याआडून झुंबरबाई म्हणाली. "मला हात पाहिजेत."

इतकं शहाणं बोलणं वामनरावांनी महिन्याभरात ऐकलं नव्हतं. ते खूश होऊन काचेपलीकडं आपल्या खुर्चीत बसले आणि मशीन सुरू केलं.

आता या मशीनची एक गोष्ट आहे. ते मुकाट्यानं काम करत नाही. आधी टकटक, मग धडधड, मग एका ठेक्यात धांग-धांग-धांग, थांबतच नाही. शहरातली माणसं म्हणतात, रस्ता फोडतायत. पिंपळगावच्या बाईच्या कानाला ते काय वाटणार? बोळ्यांमधून नुसता ठेका तेवढा आत गेला, आणि तो ठेका संबळाचा होता. देवळात मंगळवारी वाजतो तोच.

माइकमधून आधी बारीक हुंकार आला. मग मोठा. पडद्यावर मानेचा फोटो उमटला तो शेवयांच्या पातेल्यात पळी फिरवावी तसा. वामनरावांनी मशीन थांबवलं, आत गेले, पुन्हा चुंबक सांगितलं. बाई घामानं भिजलेली, लाजलेली. "मी न्हाई हालले साहेब. माय हालती. आज तिचा वार हाय, मी काय करू?" डोळ्यांत पाणी. "आणखी एक बार करा. मी तिला इनवते."

दुसऱ्या वेळी तर ठेका धरायचीच खोटी. पिंजरा खडखडायला लागला, पाय टेबलावर आपटायला लागले, आणि माइकमधून आवाज आला तो झुंबरबाईचा नव्हताच, घोगरा, दमदार. "महं झाड इथं कोन कोंडलं रे? कोन कोंडलं?"

अर्पिता धावली. तिनं दार उघडलं, टेबल बाहेर ओढलं, पिंजरा काढला. बाई उठून बसली, केस मोकळे, घुमायला लागली. आणि उघड्या दारातून ते घुमणं बाहेर बद्रीनाथच्या कानावर गेलं.

देवी आली की पहिल्यांदा कुंकू लावायचं. उशीर झाला तर कोप. हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. "उदो! आई, उदो!" करत तो आत घुसला. वामनराव मागून ओरडतायत, "थांबा! आत जाऊ नका!" पण देवीपुढं टेक्निशियनचं कोण ऐकतो? त्यानं बंडीच्या आतल्या खिशातून पत्र्याची डबी काढली, झाकण उघडलं. किल्ल्या लोखंडाच्या, बक्कल लोखंडाचं, चुन्याची डबीही लोखंडाची. पण कुंकवाची डबी देवीची. ती लोखंडात कशी धरायची?

चिमूट भरायच्या आत डबी त्याच्या हातातून उडाली. झुंबरबाईच्या खांद्यावरून सण्णकन गेली आणि मशीनच्या तोंडावर ठाण्णकन जाऊन चिकटली. पांढऱ्या शुभ्र मशीनच्या कपाळावर लालभडक कुंकवाचा पट्टा उमटला.

बद्रीनाथ रिकाम्या हाताकडं बघत होता. शीतलनं तोंडाला पदर लावला. ती डबी बोटभर इकडं आली असती तर बाईचा डोळा गेला असता, आणि वामनरावांची नोकरीही.

झुंबरबाईचं घुमणं बंद झालं. तिनं मान वळवून मशीनकडं पाहिलं. कुंकवाकडं पाहिलं.

"गेली," ती हळूच म्हणाली. "मह्यातून गेली माय."

बद्रीनाथनं फरशीवर लोटांगण घातलं. "मशीनीत गेली! स्वतःच्या हातानं कुंकू घेतलं!"

बाई मात्र वामनरावांकडं वळली. "साहेब, तुमी शिकलेले मानूस. तुमीच सांगा. माय त्याच्यात गेली का?"

झालं! वामनरावांनी आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो प्रश्न कुणी तरी स्वतःहून विचारला होता. उत्तर जिभेवर होतं. चुंबक, पत्रा, ओढ, तीन शब्दांचं काम. पण समोर बाई शांत बसली होती, सकाळपासून पहिल्यांदा. श्वास संथ, मान स्थिर. खरं सांगितलं तर देवी परत तिच्या अंगात, मशीन सुरू केलं की परत घुमणं, आणि हात गेलेच. मान हलू नये एवढंच तर हवं होतं. ती आता हलणार नव्हती.

वामनरावांनी उघडलेलं तोंड मिटलं.

"पडून राहा मावशी," ते म्हणाले. "आता हलायचं नाही."

खोटं ते एक अक्षर बोलले नाहीत, हे त्यांनी स्वतःला लगेच बजावून सांगितलं. डबी तर काढावीच लागणार होती, नाहीतर फोटो वाकडा आला असता. ती दोन्ही हातांनी पिळून, ओढून काढली. "सोडून न्हाई राह्यली माय," बद्रीनाथ दारातून कुजबुजला. अर्पिता स्पिरिट आणि कापूस घेऊन कुंकू पुसायला निघाली, तेव्हा वामनराव तिच्याकडं न बघता म्हणाले, "राहू द्या सिस्टर. नंतर."

मशीन सुरू झालं. टकटक झाली, धडधड झाली, ठेका सुरू झाला. झुंबरबाई पाषाणासारखी पडून राहिली. पडद्यावर मान उमटली, अशी स्वच्छ की पुस्तकात छापावी. नस कुठं चिमटलीय ते बोट ठेवून दाखवता येत होतं. वामनरावांनी मणक्याच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी फोटो पाहिले आणि याच आठवड्यात ऑपरेशन करू म्हणाले. हात येतील म्हणाले.

आता यात वामनरावांचं चुकलं कुठं? तुम्हीच सांगा. बाईचे हात वाचले. वामनराव इतके खूश होते की स्वतःच्या पैशानं चहा मागवला. अर्पिता म्हणाली, "सर, डबी उडाल्यावर तुम्ही काहीच समजावून नाही सांगितलं?" तर नुसते हसले.

चहा संपवून ते बाहेर आले, आणि बघतात तर दारापुढं चपलांचा ढीग. बातमी ओपीडीपर्यंत पोचली होती. गुडघ्याच्या फोटोला आलेला एक म्हातारा आधी दर्शन मिळेल का म्हणून विचारत होता. कुणी तरी उंबऱ्यावर लिंबू ठेवलं होतं.

झुंबरबाई भिंतीशी चाकाच्या खुर्चीत होती. तिच्याभोवती कुणीच नव्हतं. सगळे दाराकडं तोंड करून, हिच्याकडं पाठ. बद्रीनाथ लोकांना डबी कशी उडाली ते हातवारे करून सांगत होता. शीतल खिडकीशी फोनवर बोलत होती, आणि मोकळ्या आवाजात बोलत होती.

"अगं, गेली ना! मशीनीत गेली. ह्यांनी डोळ्यानं पाह्यलं. आता म्हातारीत काही न्हाई राह्यलं. मी ह्यांना म्हन्लं, जूनमधी लेकरं जालन्यातच घालू, तं हो म्हन्ले. एका शब्दात हो म्हन्ले! म्हातारी? तिला काय इचारायचं? राहील गावाकडं."

ते झुंबरबाईलाही ऐकू येत होतं. हात गेले होते, कान शाबूत होते.

"साहेब," ती वामनरावांना म्हणाली, "माय आता परत यायची न्हाई का हो मह्यात?"

"मावशी..."

"मंग हे कुंकू कशाचं म्हनून लावू? घरी गेल्याबराबर बाया येतील."

वामनराव तरातरा बद्रीनाथकडं गेले आणि इतक्या वर्षांत सांगितलं नसेल इतक्या कळकळीनं सांगायला लागले. की बाबा, ते चुंबक आहे. डबी पत्र्याची. पत्रा म्हणजे लोखंड. चुंबकानं लोखंड ओढलं. देवी मशीनमध्ये गेली नाही. बद्रीनाथ हात जोडून, मान डोलवत ऐकत होता, लोक कीर्तन ऐकतात तसा. मग वामनरावांनी दर्शनाला आलेल्या एका बाईच्या केसातली पिन मागून घेतली, बँडेजच्या पट्टीला बांधली आणि दारात उभं राहून धरली. पिन हवेत आडवी झाली आणि मशीनच्या दिशेनं ताणून थरथरायला लागली.

"बघा! कुंकू नाही, काही नाही. नुसती पिन. तरी ओढतंय ना?"

"घ्या!" बद्रीनाथनं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "पिन बी मागून राह्यली माय!" मागून कुणी तरी उदो म्हटलं.

"अरे, देवी तुझ्या आईतच आहे!" वामनराव ओरडले. "सकाळी होती तशीच आहे! कुठं गेली नाही!"

हे आपण बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. अर्पिता त्यांच्याकडं बघतच राहिली.

"काय मस्करी करता साहेब," बद्रीनाथ नम्रपणे म्हणाला. "आत्ता तुमीच तं म्हन्ले, ते लोखंड ओढतंय. मायलाच लोखंड पाहिजे आसंल. आमी काय कमी करू? पुढल्या मंगळवारी लोखंडाच्या समया घेऊन येतो." आणि गाडी बघायला तो बाहेर गेला. शीतलही फोन कानाला लावून त्याच्यामागं गेली.

वामनराव परत येऊन झुंबरबाईच्या खुर्चीपाशी उभे राहिले. तिनंच तोंड उघडलं.

"तुमी बराबर सांगून राह्यले साहेब. चुंबकच आसंल. पिन मी बी पाह्यली. मला पटलं."

वामनरावांना इतकं हायसं वाटलं की ते उकिडवे बसले तिच्यासमोर. कुणाला तरी पटलं होतं. "हो ना मावशी? मग मी तेच..."

"मंग तव्हा काहून न्हाई बोलले?"

"कधी?"

"म्या इचारलं व्हतं की तुमाला. सगळ्यांम्होरं. माय त्याच्यात गेली का म्हनून. पोरगा तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यल्ता. तव्हा बोलले असते तं त्यानं ऐकलं असतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणून ते जास्तच लागलं. "तेव्हा... फोटो, मावशी," वामनराव म्हणाले. "तुम्ही हलला असतात. तुमचे हात..."

झुंबरबाईनं मांडीवरच्या हातांकडं पाहिलं. "हां. हात येतील म्हन्ता," ती म्हणाली. "तेबी बराबर हाय."

बाहेरून शीतलची हाक आली. "आत्याबाई, आटपा की जल्दी! किती वेळ बसून राह्यल्या तिथं? गाडी थांबून ऱ्हाईल का तुमच्यासाठी?"

"आले गं बाई, आले," झुंबरबाई म्हणाली, आणि खुर्ची ढकलायला कुणी येतंय का याची वाट न बघता तिनं पाय खाली टेकवले.